दुसरी भाषा कोणती?



जून १९९५. दहावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. आपण सगळे दाखला न्यायला शाळेत जमलो होतो. कुणी डिप्लोमाला जाणार होते, कुणी कॉमर्सला. मी सायन्सला. ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर बसून अकरावीचा प्रवेश अर्ज भरत होते. त्यात एक छोटासा रकाना होता : द्वितीय भाषा. मराठी, हिंदी, संस्कृत, फ्रेंच, जर्मन. यांतली एक लिहायची.

मराठीच्या बाई तिथून चालल्या होत्या. थांबल्या आणि अर्जात डोकावून म्हणाल्या, "मराठी घेतलंस ना गं?"

"नाही बाई, फ्रेंच. स्कोअरिंग आहे."

बाई रागावल्या नाहीत. थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. मग नीट शीक."

ते वाक्य मी विसरले नाही, आणि पाळलेही नाही. दोन वर्षे मी फ्रेंचचे धडे पाठ केले, क्रियापदांचे तक्ते पाठ केले, ठरावीक निबंध पाठ केले. बारावीला १०० पैकी ९२ गुण मिळाले. पण हे माझेच गुण मला फ्रेंचमध्ये म्हणता आले नसते. मग इंजिनीअरिंग, नोकरी, संसार. फ्रेंच दोन वर्षांत विसरले आणि मराठीचे पुस्तक अर्ज भरला त्या दिवशीच मिटले होते. एका रकान्यात दोन भाषा गेल्या.

स्मरणिकेसाठी 'शाळेच्या आठवणी' लिही असा निरोप आला, तेव्हा हाच रकाना आठवला. मधल्या काळात मी पुन्हा फ्रेंच शिकू लागले आहे, या वेळी बाईंनी सांगितले तसे. त्या निमित्ताने कळले की हा रकाना फार जुना आहे, आणि त्यात कोणी काय लिहिले (आणि कोणाला काय लिहू दिले नाही) यावर आपल्याकडचा बराच इतिहास घडला आहे. आठवणींऐवजी तोच सांगते.

रकान्याची जन्मकथा

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. पहिली थोडी वर्षे परीक्षांमध्ये मराठी, गुजराती अशा देशी भाषांना जागा होती. १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांतून त्यांना बाहेर काढले गेले. इंग्रजी सर्वांना सक्तीची आणि तिच्या जोडीला एक 'अभिजात' भाषा, म्हणजे संस्कृत, लॅटिन, फारसी, अरबी यांसारखी. पुढे या यादीत फ्रेंचही आली आणि ती विशेषतः पारशी विद्यार्थ्यांनी घेतली. मराठी मात्र बाहेरच राहिली. न्यायमूर्ती रानड्यांनी विद्यापीठात तिच्यासाठी वर्षानुवर्षे बाजू मांडली. १९०१ साली त्यांचे निधन झाले, त्या सुमारास मराठीला एम.ए.च्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला. म्हणजे ज्या विद्यापीठात मराठी मुलगा फ्रेंच घेऊन परीक्षा देऊ शकत होता, तिथे त्याला स्वतःची भाषा घेण्यासाठी जवळपास चाळीस वर्षे थांबावे लागले.

दुसरे उदाहरण आपल्या सर्वांना ठाऊक आहे, पण ते या रकान्याच्या बाजूने पाहिलेले नसते. बाबासाहेब आंबेडकरांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकू दिले गेले नाही आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. त्यांच्यासाठी हा रकाना दुसऱ्याच कोणी भरला होता. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी प्रसिद्ध आहे : अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, आणि शेवटी प्राथमिक फ्रेंचचा १ व प्राथमिक जर्मनचा १. इतक्या मोठ्या यादीत तो एक अभ्यासक्रम कुणाच्या नजरेत भरणार नाही. माझ्या मात्र भरला. इथे कुणी जात विचारली नाही आणि मार्कांसाठी म्हणूनही तो घेतलेला नव्हता.

पुढे १९५४ साली आकाशवाणीवरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपले गुरू बुद्ध यांच्याकडून घेतली आहेत. बाहेरची भाषा शिकलेला माणूस बाहेरचे सगळे डोक्यावर घेतो असे नाही. कुठली गोष्ट त्यांची आणि कुठली आपली, हे तो नेमके सांगू शकतो.

आपल्या सहलीच्या जागी आलेला फ्रेंच माणूस

आता जरा बोरिवलीला येऊ. सातवीची कान्हेरीची सहल आठवते? नॅशनल पार्कच्या गेटपासून रांगेत चालत गेलो होतो, डब्यातली पुरीभाजी माकडाने पळवली होती, आणि इतिहासाचे सर चैत्यगृहात उभे राहून सांगत होते ते मागच्या रांगेला ऐकू येत नव्हते. मंडपेश्वरच्या लेण्यांसमोर तर आपल्यातले निम्मे रविवारी क्रिकेट खेळायचे.

या दोन्ही ठिकाणी आणि जोगेश्वरीच्या लेण्यातही १७६० च्या अखेरीस एक फ्रेंच तरुण येऊन गेला. त्याचे नाव आंकतील-द्युपेरों. १७३१ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या या माणसाला पारशांचा धर्मग्रंथ अवेस्ता मुळातून वाचायचा होता. त्यासाठी १७५५ साली तो फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा शिपाई म्हणून भारतात आला. सुरतेला राहून पारशी दस्तुरांकडे शिकला, आणि परतीच्या आधी साष्टी बेटावर म्हणजे आपल्या उपनगरांत लेणी पाहत फिरला. १७७१ साली पॅरिसमध्ये त्याचे अवेस्ताचे भाषांतर तीन भागांत प्रसिद्ध झाले. त्याच्या सुरुवातीच्या प्रवासवर्णनात कान्हेरी, जोगेश्वरी आणि मंडपेश्वर यांची वर्णने आहेत. पुढे याच माणसाने दारा शुकोहने करून घेतलेल्या फारसी भाषांतरावरून उपनिषदे लॅटिनमध्ये नेली. ती १८०१-०२ मध्ये छापली गेली आणि शोपेनहॉवरने ती वाचली.

त्या वेळी साष्टी कोणाची होती? मराठ्यांची. १७३७-३९ च्या वसईच्या मोहिमेत ती पोर्तुगीजांकडून आली होती आणि १७७४ च्या अखेरीपर्यंत आपल्याकडे राहिली. म्हणजे तो फ्रेंच माणूस कान्हेरीच्या पायऱ्या चढत होता ती मराठी मुलखात. तारीख पुन्हा पाहा : १७६० ची अखेर. त्याच दिवसांत तिकडे उत्तरेत सदाशिवरावभाऊंचे सैन्य पानिपतावर अडकले होते. भाऊंच्या तोफखान्याचा भरवसा होता इब्राहिमखान गारद्यावर, आणि तो कवायती लढाई शिकला होता हैदराबादेत फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली. 'गारदी' हा शब्दही 'गार्द' या फ्रेंच शब्दाशी जोडला जातो. मराठी कागदपत्रांत बुसीचे नाव 'मुसाबुसी' असे येते. त्यातले 'मुसा' म्हणजे 'मस्यू', अर्थात 'श्रीयुत'. आपल्या कारकुनांनी आदराचा शब्द आणि आडनाव एकत्र बांधून टाकले!

मराठे आणि फ्रेंच यांचा संबंध पुढेही राहिला. १७७७ साली सें-ल्युबँ नावाचा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणविसांच्या दरबारी आला. १७८४ पासून महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी सॅव्हॉय प्रांतातल्या द बॉयनने उभ्या केल्या, आणि त्याच्यानंतर पेराँ हा फ्रेंच सेनापती आला. १८०३ साली इंग्रजांशी ऐन युद्ध सुरू असताना पेराँ शिंद्यांना सोडून गेला. इतक्या वर्षांच्या या व्यवहारात आपण फ्रेंचांकडून तोफा घेतल्या, कवायत घेतली, वकील घेतले. भाषा मात्र घेतली नाही. कान्हेरीला आलेला माणूस पुस्तक घेऊन गेला आणि आपण तोफ घेतली. असे एका वाक्यात म्हणणे थोडे अन्यायाचे आहे, कारण त्या काळी पोटापुढे आणि राज्यापुढे पर्याय कोणते होते हे आज बसून सांगणे सोपे असते. पण फरक पडला हे खरे.

इंग्रजीच्या खिडकीतून

पेशवाई गेली, इंग्रजी राज्य आले, आणि फ्रेंच साहित्य आपल्याकडे येऊ लागले. मात्र आले ते इंग्रजीच्या खिडकीतून.

याचे सर्वांत गोड उदाहरण आपल्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये होऊन गेले आहे. 'संशयकल्लोळ'चा प्रवेश बसवला होता आणि फाल्गुनरावाची मिशी ऐन वेळी गळून पडली होती, आठवते? हे नाटक गोविंद बल्लाळ देवलांचे. आधी १८९३ मध्ये ते 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने गद्यात आले आणि १९१६ मध्ये पदांसह 'संशयकल्लोळ' झाले. देवलांनी ते बेतले आर्थर मर्फी या इंग्रजी लेखकाच्या १७६१ च्या नाटकावर, आणि मर्फीने आपले नाटक घेतले मोलिएरच्या 'स्गानारेल'वरून, जे पॅरिसमध्ये १६६० साली रंगभूमीवर आले होते. म्हणजे पॅरिसहून लंडन आणि लंडनहून महाराष्ट्र असा अडीचशे वर्षांचा प्रवास करून ती तसबीर फाल्गुनरावाच्या हाती पडली. वाटेत कपडे इतके बदलले की मूळचा फ्रेंच नवरा आता शंभर टक्के मराठी वाटतो.

हरिभाऊ आपट्यांचे 'मारून मुटकून वैद्यबोवा' मोलिएरचेच. आचार्य अत्र्यांचे 'कवडीचुंबक'ही मोलिएरच्या कंजुषावर बेतलेले. आपल्या वर्गाच्या पेटीतली सर्वांत जास्त फाटलेली पुस्तके म्हणजे भा. रा. भागवतांची. 'फास्टर फेणे' तर होताच, पण 'चंद्रावर स्वारी' आणि 'पाताळलोकची अद्भुत यात्रा'सुद्धा. त्यांचा मूळ लेखक ज्यूल व्हर्न हा फ्रेंच आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना तेव्हा ठाऊक होते? मला नव्हते. मला तो इंग्रज वाटायचा.

या लेखकांनी मराठीवर मोठे उपकार केले आहेत. पण खिडकीतून येणाऱ्या गोष्टीला खिडकीएवढीच जागा असते. जे इंग्रजीत आले तेच आपल्याकडे आले, आणि ते कसे आले हेही इंग्रजीनेच ठरवले. सॉफ्टवेअरच्या कामात आम्ही दुसऱ्याने तयार केलेला प्रोग्रॅम वापरतो तेव्हा तो चालतो, उपयोगी पडतो, पण आत उघडून पाहता येत नाही. त्यासाठी मूळ मजकूर हातात लागतो.

थेट दारातून गेलेले दोघे

मूळ मजकुरापर्यंत गेलेली मराठी माणसेही होती. दोघांविषयी सांगते.

पहिले रघुनाथ धोंडो कर्वे. गणिताचे प्राध्यापक. पुढच्या अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले आणि तिथे फ्रेंच भाषाही त्यांनी आपलीशी केली. परत येऊन १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पुढे या कार्यामुळे प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. इंग्रजी राज्यातल्या सभ्यतेच्या कल्पना म्हणजेच जगाच्या कल्पना असे ज्या काळात शिकल्यासवरल्या लोकांनाही वाटत होते, त्या काळात या माणसाला जगाचे दुसरेही एक दार माहीत होते. त्यांची सगळी मते आज पटतीलच असे नाही, पण आपल्या मुली-सुनांचे आयुष्य त्यांनी सोपे केले, हे मान्य करावे लागेल.

दुसरे वासुदेव गोपाळ परांजपे. हे नाव मी वयाच्या चाळिशीपर्यंत ऐकले नव्हते. संस्कृतचे हे विद्वान. पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनाने लिहिलेल्या वार्तिकांवरचा त्यांचा ग्रंथ १९२२ साली प्रसिद्ध झाला, तो फ्रेंच भाषेत. एक मराठी माणूस संस्कृत व्याकरणावर फ्रेंचमध्ये लिहितो, हेच मला आधी खरे वाटेना. पण त्यांचे खरे ऋण वेगळे आहे.

ज्यूल ब्लोक हे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ १८८० साली जन्मले. त्यांनी अभ्यासासाठी आपली मराठी निवडली. मराठी कशी घडली, संस्कृत आणि प्राकृतातले कोणते उच्चार आपल्यापर्यंत येताना कसे बदलले, विभक्तीचे प्रत्यय कुठून आले, क्रियापदांची रूपे कशी तयार झाली, हे सगळे शिलालेख, ज्ञानेश्वरी आणि बोलती भाषा यांच्या आधारे त्यांनी पायरीपायरीने मांडले. शेवटी शब्दांच्या व्युत्पत्तीची मोठी सूची दिली. हा ग्रंथ पॅरिसमध्ये १९२० साली बाहेर पडला. भारतातल्या आधुनिक आर्य भाषांपैकी एखादीचा इतिहास शास्त्रशुद्ध पद्धतीने कसा लिहावा याचा तो नमुना ठरला. सुनीतिकुमार चॅटर्जींनी १९२६ मध्ये बंगालीचा जो प्रचंड इतिहास लिहिला, त्यापुढेही हाच नमुना होता.

म्हणजे आपल्या मायबोलीचा तो पायाभूत इतिहास फ्रेंचमध्ये होता, आणि आपण तो वाचू शकत नव्हतो. परांजप्यांनी तो मराठीत आणला. 'मराठी भाषेचा विकास', वर्ष १९४१. याच ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर यायला १९७० साल उजाडले. मोलिएर आपल्याकडे लंडनमार्गे आला, ब्लोक मात्र पॅरिसहून थेट मराठीत आला, आणि इंग्रजीत पोचण्याच्या २९ वर्षे आधी आला. या एका वेळी मराठीने इंग्रजीची वाट पाहिली नाही. कारण एवढेच, की एका मराठी माणसाने फ्रेंच नीट शिकून ठेवली होती.

परतीची वाट

दार उघडे असले की दोन्हीकडून ये-जा होते. गी दल्यूरी हे त्या वेळी जेझुइट पंथाचे धर्मगुरू होते. मराठी शिकले, वारकऱ्यांबरोबर पंढरीच्या वाटेने चालले आणि १९५६ साली पॅरिसच्या गालिमार या नामांकित प्रकाशनाकडून तुकोबांचे अभंग त्यांनी फ्रेंचमध्ये आणले. विठ्ठल संप्रदायावरचा त्यांचा ग्रंथ १९६० मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला.

गी पॉइतव्हाँ हे दुसरे. पुण्यातच राहिले आणि २००४ मध्ये वारले. त्यांनी हेमा राईरकर यांच्यासह मावळात आणि महाराष्ट्रात इतरत्र गावोगावी बायकांना एकत्र करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवल्या. आपल्या आज्या गात होत्या तेव्हा आपण त्यांच्या शेजारी झोपलेलो होतो. त्या ओव्या लिहून घ्याव्यात असे आपल्याला सुचले नाही.

आणि अलीकडचे उदाहरण. अरुण कोलटकरांच्या 'काळा घोडा' कविता २०१३ साली फ्रेंचमध्ये आल्या, त्याही गालिमारकडूनच. लेटिशिया झेकिनी या अभ्यासिकेने सहकाऱ्याबरोबर ते भाषांतर केले. चर्चगेटला उतरून आपण ज्या फुटपाथवरून घाईघाईने ऑफिसला जातो, तोच आता पॅरिसच्या वाचकाच्या हाती आहे.

चार विसा आणि बारा

पुन्हा माझ्या ९२ गुणांकडे येते.

चाळिशी उलटल्यावर मी फ्रेंचच्या वर्गाला नाव घातले. सुरुवात घरातून, ऑनलाइन. नंतर शनिवारी बोरिवलीहून चर्चगेट लोकल पकडून न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमधल्या अलायन्स फ्रान्सेजला जाऊ लागले. वर्गात सर्वांत मोठी मीच. आकडे शिकताना पुन्हा ब्याण्णव आले. फ्रेंचमध्ये ब्याण्णव म्हणजे 'कात्र-व्हँ-दूझ', शब्दशः 'चार-वीस-बारा'. वर्गातली मुले म्हणाली, हा काय वेडेपणा, नाइन्टी-टू का नाही म्हणत! मला मात्र गावची आजी दिसली. नारळ मोजताना ती म्हणायची, "तीन विसा झाले, चार विसा झाले." चार विसा आणि बारा. आजी फ्रेंचांसारखी मोजत होती, आणि मला ते शाळेत अडाणीपणाचे वाटत होते.

मग हळूहळू लक्षात आले की फ्रेंच मला इंग्रजीतून समजावून दिली की अवघड वाटते आणि मराठीतून पाहिली की सोपी. टेबल स्त्रीलिंगी का, असा प्रश्न इंग्रजी माध्यमाच्या मुलांना पडतो. आपल्याला खुर्ची स्त्रीलिंगी का हा प्रश्न कधी पडला नाही. विशेषण नामाप्रमाणे बदलते : चांगला मुलगा, चांगली मुलगी. फ्रेंचमध्येही तसेच. 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक इंग्रजीत नाही, फ्रेंचमध्ये आहे, आणि सासूबाईंना काय म्हणायचे व मैत्रिणीला काय हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही. आपण 'मला आवडते' म्हणतो, 'मी आवडते' म्हणत नाही. तिथेही अशी रचना आहे. नाकातले स्वर तर कोकणातल्या माणसाला घरचेच. तीस वर्षांपूर्वी मला कुणी सांगितले असते की तुझी मराठी या वाटेवरचा धोंडा नाही, काठी आहे, तर मी कदाचित पाठांतर केले नसते.

वर्गात प्रत्येकाला आपले शहर किंवा आपली भाषा आणि फ्रान्स यावर दहा मिनिटे बोलायचे होते. त्याची तयारी करताना मला आधी आंकतील-द्युपेरों आणि मग ब्लोक सापडले. त्यांच्यामुळे परांजप्यांचे पुस्तक शोधले आणि दहावीनंतर पहिल्यांदा मी मराठी व्याकरण वाचायला बसले. मराठी सोडून घेतलेल्या फ्रेंचने मला तीस वर्षांनी मराठीकडे आणून सोडले.

आपल्या मुलांसाठी थोडी कामाची माहितीही देते, कारण घरोघरी हा रकाना अजून भरला जातो आहे. २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी शिकवणे राज्यातल्या सर्व शाळांना सक्तीचे झाले. अकरावीत मात्र तोच जुना प्रश्न, आणि आता माहिती तंत्रज्ञान घेऊन दुसरी भाषा टाळण्याचीही सोय आहे. फ्रेंच घेणारी बहुतेक मुले माझ्यासारखीच दोन वर्षांनी ती सोडतात. पण पुढे जायची वाट आहे आणि ती घराजवळ आहे. मुंबई विद्यापीठाचा फ्रेंच विभाग कलिना संकुलात आहे. तिथे एम.ए. करता येते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. बाहेर जायचे तर दिल्लीचे जेएनयू आणि हैदराबादचे इफ्लू. तिथे फक्त भाषा नसते, साहित्य, इतिहास, भाषांतर असे सगळे असते, आणि फ्रान्सबाहेर आफ्रिकेत, कॅनडात फ्रेंचमध्ये जे लिहिले जाते तेही. शिकवणे, भाषांतर, पर्यटन, कंपन्यांतली कामे अशा नोकऱ्या मिळतात. इंजिनीअरइतका पगार सुरुवातीला मिळत नाही हेही खरे आहे, आणि मुलांपासून ते लपवू नये. मी त्या वयात पुन्हा असते तर काय निवडले असते, याचे प्रामाणिक उत्तर आजही मला देता येत नाही. पण निदान रकाना भरताना 'स्कोअरिंग आहे' एवढेच कारण मी दिले नसते.

आता मेळाव्यासाठी एक सूचना. आपल्या शाळेतल्या मराठी माध्यमाच्या तुकड्या कमी होत चालल्या आहेत. इंग्रजी आली की जग येते असे पालकांना वाटते, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना दाखवून द्यावे लागेल की मराठीतूनही जगाकडे थेट दार उघडते. शाळेच्या ग्रंथालयात आपल्या बॅचतर्फे एक कप्पा करू. त्यात 'मराठी भाषेचा विकास' असेल, 'संशयकल्लोळ' असेल, भागवतांची ज्यूल व्हर्नची पुस्तके असतील, आणि एक चांगला फ्रेंच शब्दकोश. महिन्यातून दोन शनिवारी दुपारी मी आठवी-नववीच्या मुलांना फ्रेंच शिकवायला यायला तयार आहे. मराठीतून शिकवीन. पहिला धडा आकड्यांचा, चार विसांपासून. पहिली सहल अर्थातच कान्हेरीची, आणि या वेळी मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असे बोलेन.

मेळाव्याला बाई येणार आहेत असे कळले. त्यांना भेटून एवढेच सांगायचे आहे : बाई, उशीर झाला, पण आता नीट शिकते आहे. दोन्ही.